टोपाचे कान

ताईचा मला हेवा वाटतो, हे मी कधी कोणापासून लपवलेलं नाही. माझ्या नवऱ्याला माहीत आहे, ताईच्या नवऱ्याला माहीत आहे, बाबांनाही माहीत असणार, फक्त ते बोलत नाहीत. ताईला माहीत आहे की नाही, एवढं मात्र मला बरीच वर्षं कळत नव्हतं आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. आपण इतकं जळावं आणि समोरच्या माणसाला त्याची धगही लागू नये, म्हणजे जळण्याचा उपयोग काय.

हेवा दिसण्याचा नाही, पैशाचा तर नाहीच नाही. ताई पाटी घेऊन मासळी विकते, उन्हात बोंबील वाळत घालते. मी बी.एस्सी. झाले, तारापूरच्या एमआयडीसीत ॲल्युमिनियमच्या एका कंपनीत लॅबला आहे, बोईसरला सालवडच्या बाजूला आमचा स्वतःचा फ्लॅट आहे. शेजारणी मला मॅडम म्हणतात. पण ताईचं लग्न गावातच झालं, किनाऱ्यावरच्या आमच्या घरापासून चार घरं सोडून. बाबांना ताप आला की ताईला दिसतो, मला फोन येतो. बाबा होडीवरून उतरले की पहिला चहा ताईकडे. आई होती तेव्हा तिचंही तसंच. मी रविवारी गेले की आई खुर्ची पुसून पुढे करायची, आणि ताई आली की नुसतं “भात बघ गो” म्हणायची. पाहुणी आणि घरची यांच्यात काय फरक असतो ते मला दर रविवारी नव्यानं समजायचं.

आणि मग तो टोप. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मल म्हणतात. आईचा जर्मलचा मोठा टोप होता, जाड बुडाचा, दोन बाजूंना दोन कान. एरवी त्यात करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, उकडायची, आणि पावसाळा संपवून होडी पाण्यात सोडायच्या दिवशी अख्ख्या आळीचा भात त्यात शिजायचा. कधीतरी त्याचे कान सैल झाले, तेव्हा बाबांनी होडीचे लोखंडी खिळे कापून, ठोकून, रिव्हेट करून ते परत बसवले होते. आई पदराची दोन टोकं दोन हातांत घेऊन ते कान धरायची आणि वाफाळता टोप एका झटक्यात चुलीवरून खाली उतरवायची. मला ते कधी जमलं नाही. ताईला जमायचं.

आजारपणात एक दिवस आईनं भांडी वाटून टाकली. मला स्टीलचा डब्यांचा सेट, अगदी कोरा, वरचा कागदही न काढलेला. टोप ताईला. मी म्हटलं, “आई, टोप मला दे ना.”

आई म्हणाली, “तुज्या गॅसवर मावतंय कुठं ते? तुला नवा सेट दिलाय ना.”

खोटं नव्हतं. माझ्या शेगडीवर तो टोप चढवला असता तर शेजारच्या बर्नरवर चहाचं भांडंही राहिलं नसतं. पण मला शिजवायला कुठं हवा होता? स्टीलचा सेट मी माळ्यावर टाकला. अजून तिथंच आहे, कागदासकट. आणि ताई त्या टोपात खुशाल करंदी उकडत राहिली, बाहेर अंगणात तीन दगडांवर, राखेनं घासून उपडा टाकून. रविवारी मी गेले की तो उन्हात चमकताना दिसायचा आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

माझं काम काय, ते बाबांना कधी कळलं नाही. “कंपनीत नक्की करतेस काय?” ते विचारायचे.

“लोखंड किती हाय ते बघते.”

“कशात?”

“ॲल्युमिनियममधे. जर्मलात.”

“जर्मलात लोखंड कशाला असंल?” असं म्हणून ते उठायचे, की विषय संपला.

असतं ना पण. आमच्या कंपनीत भंगार येतं. जुनी इंजिनं, पिस्टन, पंख्याची पाती, खिडक्यांच्या चौकटी. ते वितळवून त्याच्या विटा ओततात आणि त्या विटा पुढं गाड्यांचे भाग बनवणाऱ्यांकडे जातात. भट्टीतून थोडा रस काढून त्याची एक चकती ओततात, ती माझ्याकडे येते. मी तिचं तोंड घासून मशीनवर ठेवते, ठिणगी पडते, स्क्रीनवर आकडे येतात. सिलिकॉन सगळ्यांनाच आवडता, कारण तो असला की रस पातळ होतो आणि साच्याच्या कानाकोपऱ्यात जातो. लोखंडाचं तसं नाही. थोडं लागतंच, नाहीतर पोलादी साच्याला रस चिकटून बसतो. जरा जास्त झालं की मात्र घात. आणि एकदा आत शिरलं की लोखंड बाहेर काढता येत नाही. दुसरं बरंच काही जळून जातं, वर मळीत येतं, लोखंड आपलं आतच ठिय्या देऊन बसतं. एकच करता येतं, चोख ॲल्युमिनियम घालून त्याचं प्रमाण कमी करायचं. तुझ्या पोटातल्या जळजळीचंही तसंच आहे, असं माझा नवरा म्हणतो. त्याला काय जातंय म्हणायला, तो एकुलता एक आहे.

गेल्या हंगामाच्या शेवटी, मासेमारी बंद व्हायच्या जरा आधी, बाबांच्या होडीवरची कप्पी फुटली. जाळं वर घेताना दोर ज्या चाकावरून येतो, ते चाक. जुनंही नव्हतं, आदल्याच वर्षी कुंभवलीच्या बाजूला एका शेडमधे ओतून घेतलेलं. जाळं भरलेलं होतं, दोर ताणलेला होता, आणि कडाडून दोन तुकडे झाले. बाबा नेमके काहीतरी उचलायला वाकले होते म्हणून वाचले. अर्धा तुकडा त्यांच्या कानाजवळून जाऊन फळीत घुसला.

बाबांनी ते दोन्ही तुकडे पिशवीत घालून आणले आणि दाखवले कोणाला? तर ताईला. माझा जन्म गेला ॲल्युमिनियमचे तुकडे बघण्यात. ताईला त्यातलं कळतंय काय डोंबल. पण होडीवरून उतरलं की पाय तिच्या दाराकडे वळतात त्याला काय करणार. ताई म्हणाली, “बाबा, हे धाकटीला दाखवू,” आणि तिनं मला फोन केला. म्हणजे माझ्या स्वतःच्या विषयातलं काम, तेही मला हिच्या शिफारशीनं मिळालं.

मी गेले. पडवीत बसून तुकडा उन्हात धरला. फुटलेल्या तोंडावर सगळीकडे चपटे चकचकीत कण होते, खडीसाखर फोडल्यावर दिसतात तसे. चांगला धातू तुटायच्या आधी ओढला जातो, तो असा लख्ख फुटत नाही. तरी मी एक तुकडा कंपनीत नेला आणि सरांना विचारून मशीनवर ठेवला. सिलिकॉन पिस्टनमधे असतो तेवढा. लोखंड भलतंच.

पुढच्या रविवारी पडवीत मी दोघांना नीट समजावून सांगितलं. “रस गरम असतो तोवर लोखंड त्यात विरघळून जातं, दिसतसुद्धा नाय. थंड व्हायला लागलं की ॲल्युमिनियमला ते पोटात ठेवता येत नाय. मग ते बाहेर पडतं, पण एकटं पडत नाय. थोडं ॲल्युमिनियम आणि थोडा सिलिकॉन ओढून घेतं, आणि तिघांच्या मिळून पात्यासारख्या सुया तयार होतात. कप्पी जाड, वाळूच्या साच्यात हळूहळू थंड होते, म्हणून सुया चांगल्या लांब वाढतात. मग ताण आला की भेग एका सुईवरून दुसऱ्या सुईवर पळते.”

इतकं सोपं करून मी सरांनाही कधी सांगितलं नव्हतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, तुकडा हातात फिरवला आणि मान वळवून ताईला विचारलं, “काय गो, पटतंय का?”

“ती सांगते तर बरोबरच असणार,” ताई बोंबील निवडता निवडता म्हणाली.

“हां,” बाबा म्हणाले. ताईचा शिक्का बसला, तेव्हा कुठं माझं सायन्स खरं ठरलं. मी उठून आत जाऊन पाणी प्यायले.

मग आम्ही तिघं रिक्षानं कुंभवलीला गेलो. शेडचा मालक उत्तरेकडचा, सगळे त्याला चाचा म्हणतात. माणूस बोलका, हाताचा चांगला, साचा भरताना वाळू अशी थोपटतो की बघत राहावं. पण पिस्टन वितळवायचा लोखंडाच्या जाड कढईत, आणि ढवळायचा लोखंडाच्या सळईनं. सळईचं टोक झिजून पेन्सिलीसारखं झालेलं.

“चाचा, ये सलाई पहले कितनी थी?” मी विचारलं.

“बडी थी मॅडम. घिसती है ना.”

“घिस के कहाँ गयी?”

चाचानं सळईकडे बघितलं, बाबांच्या हातातल्या फुटक्या तुकड्याकडे बघितलं आणि हसायला लागला. “इसके अंदर,” तो म्हणाला. बाबाही हसले. मला वाटलं, आता तरी माझ्याकडे बघून हसतील. ते ताईकडे बघून हसले.

चाचाकडे पितळेच्या कामासाठी ग्रॅफाइटची मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, होती, कढईऐवजी ती वापरायचं ठरलं. सळईला खडूचा जाड लेप देऊन वाळवायचं ठरलं, म्हणजे रस लोखंडाला खाणार नाही. पण नुसते पिस्टन घेतले तर त्यांच्यातलं लोखंड राहणारच. निम्मे पिस्टन आणि निम्मं चोख ॲल्युमिनियम घ्यायला हवं होतं. सिलिकॉन पिस्टनमधून पुरेसा येईल, लोखंड निम्म्यावर येईल. मी म्हटलं, “बोईसरच्या भंगारवाल्याकडे ॲल्युमिनियमची जुनी वायर मिळते, एकदम चोख असते.”

“वायर?” बाबा म्हणाले. “कोनाच्या खांबावरची कापून आनलेली असंल ती. तिच्यावर माझा दोर चालवू?”

इथं बाबा कोणाचं काही चालू देत नाहीत. आमच्या घरात पहिल्यापासून रीत आहे, होडीवर जाणारी वस्तू घरची असावी लागते. दोर विकत आणला, बॅटरी आणली, साधा स्टोव्ह आणला, तरी तो एक रात्र चुलीजवळ ठेवायचा, घरच्यांचा हात लागू द्यायचा, मग होडीवर चढवायचा. पहिली कप्पी ओतली तेव्हा गडबडीत तसं केलं नव्हतं. फुटण्याचं खरं कारण ते, असं बाबांचं मत. मी सुयांबद्दल बोलत होते आणि ते मनात चुलीचा हिशोब करत होते.

“घरचं जर्मल पायजे,” बाबा म्हणाले.

आणि ताई लगेच म्हणाली, “मग आईचा टोप हाय ना.”

ज्या टोपासाठी मी इतकी वर्षं पोटात आग घेऊन हिंडले, तो हिनं जांभई द्यावी इतक्या सहज देऊन टाकला. माझ्याकडे असता तर मी दिला असता का? छे. कडीकुलपात ठेवला असता. आणि बाबांचा चेहरा. परतीच्या रिक्षात पूर्ण वेळ ते ताईकडे असे बघत होते की जणू त्यांच्यासमोर आईच बसली आहे. मला एकदम वाटलं, हे होऊ द्यायचं नाही. टोप वाचवायचा म्हणून नव्हे. होडीवर हिचं भांडं जाणार आणि माझं काहीच नाही, हे मला सोसणार नव्हतं.

“माझ्याकडे पण भांडी हायत,” मी म्हटलं. “मी पण घरचीच ना? सगळी मशीनवर तपासू. जे चोख निघेल ते घेऊ.”

“तपास ना,” ताई म्हणाली. “कसं ते तुलाच कळणार.”

माझ्याकडे एक जाडजूड कढई होती, आठवडी बाजारातून घेतलेली, आणि दोन पातेली. मी कढईवर सगळी भिस्त ठेवली होती. चांगली वजनदार, एकटीच्यानं अर्धी कप्पी झाली असती. एका सकाळी मी माझी भांडी पिशवीत घातली, ताईकडून टोप आणून मांडीवर घेतला आणि रिक्षानं कंपनीत निघाले. टोपाला करंदीचा वास येत होता. रिक्षावाला आरशातून बघत होता. गेटवरच्या वॉचमननं विचारलं, “मॅडम, आज खिचडी है क्या?” सर भले माणूस, जेवणाच्या सुट्टीत करा म्हणाले.

आधी कढई. तिचं बूड घासलं, मशीनवर ठेवलं, ठिणगी पडली. आकडे मी दोनदा वाचले. लोखंड, तांबं, जस्त, कशाची म्हणून कमी नव्हती. ती कढई कुठल्यातरी चाचानंच भंगारातून ओतलेली होती, अशाच लोखंडी कढईत, अशीच सळईनं ढवळून. होडीवर लावली असती तर पहिल्याच जाळ्याला राम म्हणाली असती. पातेली बरी निघाली, पण पत्रा इतका पातळ की दोन्ही वितळवून वाटीभर रस झाला नसता.

मग टोप. त्याच्या बुडावर वर्षानुवर्षांची काजळी होती. पॉलिश पेपरनं घासत गेले तसा आतून पांढराशुभ्र धातू वर आला. टोप उभाच मशीनवर ठेवला. आकडे आले. जवळजवळ सगळं ॲल्युमिनियम, लोखंड नावाला, सिलिकॉन त्याहून कमी. मी टोप सरकवला आणि दुसऱ्या जागी ठिणगी पाडली. तेच. आणखी सरकवला. तेच. आईच्या टोपाच्या बुडावर काळ्या ठिपक्यांची रांग झाली आणि मशीन हट्टानं एकच सांगत राहिलं. इतकी वर्षं मी त्या मशीनची उस्तवार केली, रोज पुसलं, लाडानं वागवलं, आणि त्यानंही ताईचीच बाजू घेतली.

ते आकडे मी एकटीनंच बघितले होते. टोप कामाचा नाही असं मी म्हटलं असतं तर विचारणारं कोण होतं? टोप ताईकडे परत गेला असता, बाबांनी नाइलाजानं वायर घेतली असती, आणि वायर मी आणली असती. म्हणजे माझी. चोख तर तीही होती. हे सगळं मी लॅबच्या स्टुलावर बसून पोळीचा घास हातात तसाच धरून ठरवत होते. पण वायरीचं नाव काढलं की बाबा काय करतील तेही मला ठाऊक होतं. ते काहीच न सांगता चाचाकडे जातील, परत नुसत्या पिस्टनची कप्पी ओतून घेतील आणि एक रात्र चुलीजवळ ठेवतील. त्यांच्या कानाजवळून गेलेला तुकडा माझ्या टेबलावरच पडला होता.

मी फोन केला. “टोप चांगला हाय,” म्हटलं.

“असणारच,” बाबा म्हणाले. “कोनाचा हाय.”

टोप मुशीत घालायच्या आधी त्याचे कान काढायला हवे होते, कारण बाबांचे रिव्हेट लोखंडाचे होते, गंजून कानांना घट्ट बसलेले. हे काम मी चाचाला करू दिलं नाही. ताईच्या अंगणात बसून छिन्नी-हातोड्यानं मीच काढले. खरं सांगायचं तर रिव्हेट ठोकून काढता आले असते आणि कान मुशीत टाकता आले असते, तेही जर्मलचेच होते. पण मी म्हटलं, “गंज बसलाय यांच्यावर, हे नकोत, भंगारात टाकते.” माझ्या विषयात मला अडवणार कोण? ताई मान हलवून आत चहा करायला गेली. मी कान पर्समधे टाकले. आईचा हात पडायचा तो टोपाच्या बुडावर नाही, कानांवर. घ्या म्हटलं, बूड ठेवा तुम्हाला.

ओतायच्या दिवशी चाचानं टोप हातोड्यानं दुमडला आणि तुकडे मुशीत टाकले. आधी पिस्टन वितळले होते, त्यात टोपाचे तुकडे थोडा वेळ तरंगत राहिले, मग कडेनं मऊ झाले आणि खाली गेले. ताई पुढं वाकून बघत होती. “कसं पान्यासारखं झालं गो,” ती म्हणाली, नवल वाटून. डोळ्यांत टिपूस नाही. आणि मी, जिचा तो टोप नव्हता ती, हुंदके देऊन रडायला लागले. ताईनं मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. बाबा तिला म्हणाले, “सांभाळ तिला.” त्या वेळी तिच्या कुशीत मला जितका राग आला तितका आयुष्यात कधी आला नसेल.

कप्पीबरोबर त्याच रसाची एक बारीक पट्टीही मी ओतायला लावली होती. ती थंड झाल्यावर शिकंज्यात धरून चाचानं हातोडा मारला. पट्टी वाकली. परत मारला, आणखी वाकली, तुटली नाही. जुन्या कप्पीचा तुकडा तसाच धरला तर पहिल्याच घावाला उडाला. मला वाटलं, हे तरी माझं. मी पट्टी बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, बोटानं बाक चाचपला, खूश झाले आणि म्हणाले, “मोठे, हे बघ.”

कप्पी एक रात्र ताईच्या चुलीजवळ राहिली, मग होडीवर चढली. होडी पाण्यात सोडायच्या दिवशी बाबांनी तिला कुंकू लावलं, नारळ ठेवला, आणि येईल त्याला दाखवत होते. “बायकोचा टोप हाय यात. मोठीनं दिला.” कोणी म्हणत होतं वा, कोणी ताईचं कौतुक करत होतं. लोखंड किती आहे हे बघणारी बाई तिथंच नारळाचे तुकडे वाटत उभी होती. भात त्या वर्षी भाड्याच्या पातेल्यात शिजला, आणि मला वाईट आनंद झाला की करपला.

कप्पी छान चालते. भरलेलं जाळं वर येतं, दोर सुटत नाही, बाबा तिच्याखाली निर्धास्त उभे राहतात. त्या टोपात आई नुसता भात शिजवायची. आता तो रोज बाबांबरोबर समुद्रात जातो, मी सुया मोडून काढल्या म्हणून जातो, आणि त्याला ताईचा टोप म्हणतात.

कान मी स्वयंपाकघरातल्या खालच्या खणात ठेवले होते, फडक्यात गुंडाळून. घरात कोणी नसलं की काढायची. दोन्ही हातांत धरायची, मधे टोप आहे असं समजून. वेडेपणा आहे, मला कळतं. पण ते माझे होते. बाबांचे रिव्हेट, आईची पकड, आणि ताईचा त्यात काडीचा संबंध नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे असं काही होतं की जे तिच्याकडे नव्हतं आणि तिला ठाऊकही नव्हतं.

थोड्या दिवसांपूर्वी ताई बोईसरला आली, बाजार करून माझ्याकडे थांबली. पिशवीभर ओले बोंबील घेऊन आली होती. म्हणाली, “बस तू, कामावरून दमून आलीस. मी साफ करते.” मी पलंगावर टेकले. सुरी शोधत तिनं एक खण उघडला, दुसरा उघडला आणि मग खालचा. फडकं सोडल्याचा आवाज आला. मी धावत गेले तोवर दोन्ही कान तिच्या हातांत होते.

भंगारात टाकले असं तिला तोंडावर सांगितलं होतं मी.

ताईनं ते ओट्यावर ठेवले, जितक्या अंतरावर टोपाला होते तितक्याच अंतरावर, आणि पदरानं धरून उचलल्यासारखं केलं. “आई अशी धरायची ना?” ती म्हणाली.

“ताई, मी ते...”

“पर्समधे टाकलेस तेव्हा चहा घेऊन दारातच उभी व्हते मी,” ताई म्हणाली. “बाबांना म्हटलं, कानांचं काय इचारू नका तिला. टोप मागितलेला तिनं आणि आईनं मला दिला. आता कान तरी तिला र्‍हाऊ देत.”

तिनं कान परत फडक्यात गुंडाळले, होते तसे ठेवले, खण लावला. मग सुरी कुठं आहे म्हणून मला विचारलं. मी दिली. ती बोंबील साफ करत बसली आणि बाबांच्या गुडघ्याबद्दल काहीबाही सांगत राहिली. मी मान डोलवत होते. जन्मात ताईचं म्हणून एकच काहीतरी मी तिच्या नकळत घेतलं होतं. तेही तिनंच दिलेलं निघालं.